पोरांना घेऊन पिक्चरला जाताय? मग तिकिटावरचं ते यूए १६+ आधी नीट समजून घ्या

मागं मे महिन्याच्या सुट्टीत ताई गारगोटीहून दोन्ही पोरांना घेऊन आमच्याकडं राजारामपुरीत राहायला आलेली. भाची चौदा वर्षांची, भाचा सहा. पोरांनी पिक्चरचा हट्ट धरला, मी लगेच मोबाईल काढून चार तिकिटं बुक केली आणि संध्याकाळच्या शोला सगळ्यांना घेऊन गेलो. तिकिटावर यूए १६+ असं लिहिलेलं होतं, मी ते वाचलं सुद्धा, पण डोक्यात काही शिरलं नाही, म्हटलं यूए म्हणजे सगळ्यांना चालतोय. पिक्चर सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल तोवर एका माणसाला गोठ्यात बांधून मारायचा सीन आला, लई लांबवलेला, आणि आवाज तर असा की खुर्ची हलत होती. भाच्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली, तोंड माझ्या शर्टात खुपसलेलं आणि दर दोन मिनिटांनी एकच, मामा झालं का, मामा आता बघू का. इंटरव्हलला त्याला घेऊन बाहेर आलो ते परत आत गेलोच नाही, ताई आणि भाची आत, आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर. पुढं तीन रात्री तो लाईट चालू ठेवून झोपला. ताई रागावली नाही, एवढंच म्हणाली, तू एवढे पिक्चर बघतोस की रे, तुला पण कळलं नाही होय?

ते मला लागलं. मग मी हा सगळा प्रकार काय आहे ते बसून नीट वाचून काढलं, आणि वाचल्यावर कळलं की माझ्यासारखीच चूक अर्धं कोल्हापूर करत असणार.

मुळात एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या म्हणजे बाकी सगळं सोपं होतं. ती जी अक्षरं असतात ना यू, यूए, ए, त्यावरनं पिक्चर चांगला का वाईट हे कळत नाही, आत जायचं का नाही ते ठरवायचं कुणी हे कळतं. यू असेल तर ठरवायचा प्रश्नच नाही, आजीपासून नातवापर्यंत सगळे जावा. यूए असेल तर आईबापानं ठरवायचं. ए असेल तर ते कायद्यानं आधीच ठरवून टाकलंय, १८ पूर्ण नसतील तर आत जायचं नाही, मग बाप सोबत असू दे नाहीतर आजोबा. चौथं एक एस पण असतंय, ते डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा ठरावीक लोकांसाठीच्या फिल्मना, आपल्या थेटरात ते तुम्हाला दिसायचं नाही, सोडून द्या.

आता गोंधळ सगळा त्या मधल्या यूए मध्ये. पूर्वी, म्हणजे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर बरीच वर्षं, यू आणि ए एवढे दोनच प्रकार होते. १९८३ ला यूए आणि एस आले, त्याच वर्षी बोर्डाचं नाव पण बदललं, सेन्सॉर शब्द जाऊन सर्टिफिकेशन आला, केंद्रीय फिल्म प्रमाणन बोर्ड म्हणजेच सीबीएफसी. आपण अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो तो भाग वेगळा. तर तेव्हा यूए चा अर्थ असा होता की १२ वर्षांखालच्या पोरांना आईबापाच्या मार्गदर्शनाखाली दाखवा. पण त्या एकाच डब्यात सगळं बसायचं, थोडीशी ढिशुम ढिशुम असलेला कॉमेडी पिक्चर पण यूए आणि रक्ताचा सडा असलेला पण यूए, लोकांना कळणार कसं? म्हणून २०२३ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूए चे तीन तुकडे केले, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. मार्च २०२४ मध्ये त्याचे नवीन नियम आले आणि साधारण २०२४ च्या शेवटाला हे आकडे पोस्टरवर आणि तिकिटावर दिसायला लागले. म्हणजे तुमच्या आमच्या डोक्यात जो यूए बसलाय तो जुना आहे. नवीन यूए १६+ हा ए च्या शेजारच्याच घरात राहतो असं समजा.

आणि हे बारकाईनं वाचा, कारण इथंच सगळे फसतात. यूए च्या पुढचा आकडा हा आईबापासाठी सल्ला आहे. कायद्यातच लिहिलंय की तो आकडा आईबाप किंवा पालक सोडून दुसऱ्या कुणी लागू करायचा नाही. म्हणजे तुम्ही सहा वर्षांच्या पोराला घेऊन यूए १६+ च्या शोला गेलात तर दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही, तिकीट फाडून आत सोडणार, जसं आम्हाला सोडलं. त्याची काही चूक नाही. मला मात्र तेव्हा वाटलेलं की आत सोडलं म्हणजे चालत असेल! तर तसं नाही, तिथं बघणारं दुसरं कुणी नसतंच, तुम्हीच असता.

ए चं उलट आहे. तिथं थेटरवाल्याच्या मानेवर सुरी आहे. १८ च्या खालच्याला ए पिक्चर दाखवला तर कायद्यानं त्याच्यावर कारवाई होऊ शकते. त्यामुळं दारात आधार कार्ड मागितलं तर भांडत बसू नका. मी हा तमाशा डोळ्यांनी बघितलाय, एक काका, सोबत बारावीचा मुलगा, मिसरूड फुटलेलं, उंचीनं काकांपेक्षा वरचढ, आणि काकांचा एकच घोषा, अहो मी बाप आहे त्याचा, मी सांगतोय ना मला चालतंय. दारावरचं पोरगं बिचारं हात जोडून सांगत होतं, काका तुम्हाला चालतंय पण मला चालत नाही ओ. मागं लाईन लागलेली, मुलगा मान खाली घालून उभा, शेवटी दोघंही परत गेले आणि तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच. सतरा वर्षं अकरा महिने म्हणजे सतराच, ही गोष्ट बुकिंग करायच्या आधी घरात बोलून घ्या. आणि १८ पूर्ण असलेल्या पण कोवळ्या दिसणाऱ्या पोरापोरींनी ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाईलमध्ये डिजिलॉकर असलं तरी चालतंय बहुतेक ठिकाणी.

उलट एखादं थेटर सर्रास शाळेतली पोरं ए पिक्चरला आत सोडत असेल तर तक्रार जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात करायची. बोर्ड फक्त सर्टिफिकेट देतं, थेटरवर लक्ष ठेवायचं काम राज्य सरकारच्या यंत्रणेचं.

बरं, आता बुक करायच्या आधी बघायचं कुठं? सगळ्यात सोपं म्हणजे बुकिंगच्या ॲपवर, पिक्चरच्या नावाजवळ भाषा आणि किती तासाचा ते लिहिलेलं असतं तिथंच हे पण असतं. पोस्टरवर आणि पेपरातल्या जाहिरातीत पण छापावं लागतं, बारीक असतं, कोपऱ्यात, पण असतंय. कधी कधी बुकिंग लवकर उघडतं आणि तिथं सर्टिफिकेटच दिसत नाही, कारण ते अजून मिळालेलंच नसतं, मोठ्या मोठ्या पिक्चरना सुद्धा रिलीजच्या दोन चार दिवस आधी मिळतंय. पोरं सोबत असतील तर अशा वेळी घाई करू नका, थांबा.

ट्रेलर बघून ठरवू नका. हे मी ठासून सांगतो कारण ताई पण हेच म्हणत होती, ट्रेलर तर साधा होता की. ट्रेलरला स्वतःचं वेगळं सर्टिफिकेट असतं. तो दुसऱ्या पिक्चरच्या आधी दाखवायचा असतो, तिथं सगळ्या वयाची माणसं बसलेली असतात, म्हणून त्यातलं कडक ते सगळं काढून ठेवलेलं असतं. त्यामुळं ट्रेलर साधा आणि आतला पिक्चर ए असं होऊ शकतं.

बाहेरच्या देशातलं रेटिंग बघून पण ठरवू नका. अमेरिकेत पीजी १३ म्हणतात, ब्रिटनमध्ये १२ए म्हणतात, ते तिथल्या संस्थांनी तिथल्या लोकांसाठी ठरवलेलं. तोच इंग्लिश पिक्चर आपल्याकडं येताना परत आपल्या बोर्डापुढं जातो, कधी काही सीन कापले जातात आणि वेगळा शिक्का घेऊन येतो. डब केलेल्याचं पण तेच, त्याला पण आपल्या बोर्डाचं सर्टिफिकेट लागतंय.

आता थेटरात बसलात. पिक्चर सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद ते सर्टिफिकेट पडद्यावर दिसतं, त्या वेळी आपण पॉपकॉर्न मांडीवर सावरत असतो. एकदा नीट वाचा, लई गमतीचं असतंय. वर बोर्डाचं नाव, खाली पिक्चरचं नाव, भाषा, किती मिनिटांचा, नंबर आणि तारीख, नंबरच्या शेवटी कुठल्या ऑफिसनं दिलं त्याची तीन अक्षरं. बोर्डाची प्रादेशिक ऑफिसं नऊ आहेत, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, दिल्ली, कटक आणि गुवाहाटी. ज्यांनी पिक्चर बघून शिक्का दिला त्या समितीतल्या लोकांची नावं पण असतात. आणि खाली डाव्या कोपऱ्यात कधी कधी एक त्रिकोण असतो, तो दिसला की समजायचं या पिक्चरला कात्री लागलेली आहे.

अजून एक, हे फार थोड्या लोकांना माहिती असतं. सर्टिफिकेटवर हिंदी अक्षरं पण असतात आणि तिथं मराठी माणूस हमखास फसतो. "अ" दिसलं की आपल्याला वाटतं ॲडल्ट. तर तो "अ" म्हणजे अनिर्बंधित, म्हणजे यू, सगळ्यांसाठी! ॲडल्टसाठी "व" असतो, वयस्क मधला व. आणि "अव" म्हणजे यूए. आमच्या शेजारचे आजोबा "अ" बघून नातवंडांना उठवून बाहेर न्यायला निघालेले, मी स्वतः हाताला धरून बसवलं त्यांना.

हे ठरवतं कोण, तर सरकारी साहेब एकटा बसून ठरवत नाही. पूर्ण लांबीच्या पिक्चरसाठी चार सदस्य आणि बोर्डाचा एक अधिकारी अशी समिती पिक्चर पूर्ण बघते, त्या चौघांत दोन महिला असाव्या लागतात. प्रत्येकजण आपलं मत लिहून देतो. एखादा सीन सुटा काढून नव्हे तर पिक्चरचा सगळा मिळून परिणाम काय होतो ते बघायचं असं त्यांच्या नियमात आहे. निर्मात्याला पटलं नाही तर मोठ्या समितीकडं जाता येतं, आणि तिथंही पटलं नाही तर हायकोर्ट. मधे एक न्यायाधिकरण होतं ते २०२१ ला बंद झालं.

आणि इथं आपल्या कोल्हापूरचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपण चित्रनगरीचं गाव, बाबूराव पेंटरांचं गाव, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुद्धा इथंच सुरू झाली आणि मग १९३३ ला पुण्याला गेली. तर बाबूराव पेंटरांचा पहिला पिक्चर, सैरंध्री, १९२० चा, त्यातला भीमानं कीचकाला मारायचा सीन इतका खरा वाटला की इंग्रज सरकारनं तो कापायला लावला. मुंबईत सेन्सॉर बोर्ड आलं ते पण त्याच १९२० साली. म्हणजे कुणी काय बघावं हा विषय आपल्या मातीत पिक्चर जन्मल्यापासूनच आहे, आपण काही नवीन भांडत नाही.

आता मुद्द्याचं, यूए असेल तर आपल्या पोराला न्यायचं का नाही हे ठरवायचं कसं. आकडा ही सुरुवात आहे, पण आपलं पोर आपल्याला माहिती असतं, बोर्डाला नाही. माझी भाची चौदाची, ती तो यूए १६+ पूर्ण बघून आली, घरी आल्यावर आईशी त्यावर बोलली, तिला काही झालं नाही. पण तिला अंधारातलं, भुताटकीचं अजिबात सोसत नाही, तसला यूए १३+ सुद्धा तिला जड जाईल. म्हणून आकड्यासोबत कशामुळं तो आकडा पडला असेल हे शोधा. मारामारी आहे, शिव्या आहेत, भीती आहे, का नवराबायकोचे सीन आहेत? आधी बघून आलेल्या ओळखीच्या माणसाला विचारा, आणि नेमकं विचारा, "चांगला आहे का" असं विचारलं तर "एकदम नाद खुळा" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा "सहा वर्षांचं पोरगं घाबरेल असं काय आहे का" असं विचारा, लोक बरोबर सांगतात. माझा आपला सरळ हिशोब आता असा, पोराचं वय आकड्यापेक्षा वर्ष दोन वर्षानं कमी असेल तर विचार करायचा, आणि सहा वर्षांचं पोर आणि १६+ एवढं अंतर असेल तर विचार पण करायचा नाही, घरी आजीजवळ ठेवायचं नाहीतर रंकाळ्यावर भेळ खायला न्यायचं आणि पिक्चर आपण नंतर बघायचा.

थेटर आणि घर यात पण फरक असतो. घरी टीव्हीवर उजेड असतो, आवाज कमी करता येतो, पोर उठून आतल्या खोलीत पळतं. थेटरात अंधार, चारी बाजूनं आवाज आणि पळायला जागा नाही. मनात शंका असेल तर निदान कडेची सीट घ्या, मधल्या सीटवरनं रडणारं पोर घेऊन बाहेर पडताना बाराजणांचे गुडघे ओलांडावे लागतात. आणि पहिल्या अर्ध्या तासात पोर डोळे झाकायला लागलं तर इंटरव्हलची वाट बघू नका. मी बघितली, दीडशे रुपयाच्या तिकिटासाठी, तेच चुकलं माझं.

टीव्हीवर ए पिक्चर लावता येत नाही, म्हणून निर्माते त्यात काटछाट करून यूए चं वेगळं सर्टिफिकेट घेतात आणि मग तो टीव्हीवर येतो. पुष्कळदा तर निर्माता आधीच बोर्डाला म्हणतो की हे हे कापतो पण ए देऊ नका, यूए द्या, कारण ए मिळाला की घरची माणसं थेटरला येत नाहीत आणि टीव्हीचे पैसे पण अडकतात. म्हणजे टीव्हीवर रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बघितलेला पिक्चर थेटरात तसाच होता असं नाही.

ओटीटीचं सगळ्यात जपून. तिथं सीबीएफसीचा शिक्का लागत नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं त्या कंपन्याच आपल्या मालाला यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशी वर्गवारी देतात. अक्षरं तीच पण देणारे वेगळे. आणि थेटरात कापलेले सीन ओटीटीवर परत जोडलेले असू शकतात, त्यामुळं "अरे हा आपण थेटरात बघितलाय, लाव पोरांना" असं करू नका, तिथला शिक्का परत बघा. एक मात्र ओटीटीवर चांगलं आहे, सुरुवातीला कोपऱ्यात कशामुळं हे रेटिंग ते पण लिहून येतं, हिंसा, शिव्या, नशा वगैरे. पाच सेकंदात जातं, पण वाचा.

यूए १३+ आणि त्याच्या वरच्यासाठी पॅरेंटल लॉकची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे, फक्त ती आपल्याला चालू करावी लागते आणि बहुतेक घरात कुणी केलेली नसते. ताईच्या गारगोटीच्या टीव्हीवर मी गणपतीत गेल्यावर बसून करून दिली. ॲपच्या सेटिंगमध्ये प्रोफाईल उघडायचं, पोरांचं वेगळं प्रोफाईल करायचं, त्याला वयाची मर्यादा लावायची आणि मोठ्यांच्या प्रोफाईलला चार आकडी पिन टाकायचा. हा शेवटचा भाग लोक विसरतात, पोरांचं प्रोफाईल करतात आणि मोठ्यांचं उघडंच ठेवतात, मग पोर सरळ बाबांच्या नावावर टिचकी मारून आत. प्रत्येक ॲपवर हे वेगवेगळं करावं लागतं, एका ठिकाणी केलं म्हणून सगळीकडं होत नाही. दाजींनी पहिल्यांदा पिन म्हणून भाचीच्या जन्माचं वर्ष टाकलेलं, तिनं संध्याकाळच्या आत ओळखलं, तेव्हा जन्मवर्ष, गाडीचा नंबर आणि एक दोन तीन चार हे तिन्ही टाळा.